भालेराव पेंट्सची अबोली

रंगाचं दुकान चालवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराला रंग द्यावा, अशी प्रथा आमच्या घराण्यात नाही.

म्हणजे आमच्या घराला रंग नव्हता असं नाही. उलट! अख्ख्या फरीदाबादमध्ये एवढे रंग एका छपराखाली फक्त आमच्याकडे होते. फक्त त्यातला एकही आम्ही निवडलेला नव्हता.

'भालेराव पेंट्स' माझ्या आजोबांनी काढलं. आजोबा इथल्या एका कारखान्याच्या रंगखात्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर ते गावी परत गेले, पण गावात तारपिनाचा वास येत नाही म्हणून त्यांना करमेना. मग परत येऊन त्यांनी सेक्टरच्या मार्केटमध्ये, एक हलवाई आणि एक सायकलवाला यांच्या मधला गाळा घेतला. तेव्हा रंग मिसळायचं मशीन नव्हतं. पांढऱ्या रंगाचा डबा, छटा आणायला स्टेनरच्या चार बाटल्या आणि ढवळायला एक काठी, एवढंच भांडवल. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "बाऊजी, वो वाला रंग बना दो, जो मेरी साली के सूट का है।"

आजोबांनी ना साली पाहिलेली, ना सूट. तरी ते ढवळायला लागायचे! नाही म्हणणं त्यांना अपमानाचं वाटायचं. संध्याकाळी डबा परत यायचा. मिसळलेला रंग कंपनी परत घेत नाही आणि दुसरं गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून घराण्यात नियमच होऊन गेला: परत आलेला डबा घरी.

त्यामुळे आमची बैठक फिरोजी होती. (साली स्वतः दुकानात येऊन म्हणाली होती, "ये मेरा सूट नहीं है!") स्वयंपाकघर भडक गुलाबी, कारण ते एका ब्यूटी पार्लरसाठी केलेलं होतं आणि पार्लरची मालकीण उद्घाटनाआधीच लग्न करून कॅनडाला गेली. जिना शाळेच्या पिवळ्या रंगाचा. माझ्या खोलीच्या दोन भिंती गर्द हिरव्या, एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी नाकारलेल्या. ("इसमें तो दुश्मन दूर से ही देख लेगा!") उरलेल्या दोन बिस्किटी. त्या खोलीत मी इतिहासात एम.ए. केलं. दुकानाचा इतिहास मात्र मला अभ्यासावा लागला नाही. भिंतीचा एक पोपडा निघाला की खालचं दशक दिसायचं.

या घरात आई लग्न होऊन आली, थेट सावंतवाडीहून. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि बाबांना विचारलं, "घराला एकच रंग असू शकत नाही का हो?"

बाबा तेव्हा नुकतेच दुकानात बसायला लागले होते. ते म्हणाले, "का नाही? कुठला हवा?"

"अबोली."

"देऊ!"

हे त्यांनी इतक्या झटकन सांगितलं की आईचा विश्वास बसला. त्यानंतर दर दिवाळीला आई विचारायची, "यंदा अबोली?" बाबा म्हणायचे, "यंदा नक्की!" आणि दर दिवाळीला नेमका कुणाचा तरी डबा परत यायचा.

मग मशीन आलं. कंपनीचे टाय लावलेले एक साहेब फीत कापायला आले. मशीनला झेंडूचा हार, कॉम्प्युटरला कुंकू. "आज से आप रंग नहीं, एक्सपीरियन्स बेचेंगे," असं साहेब म्हणाले, आणि त्याच क्षणी बाबांनी फोडलेल्या नारळाचं पाणी कीबोर्डमध्ये गेलं. पहिला आठवडाभर आमच्या मशीनने फक्त जांभळा एक्सपीरियन्स दिला. पण दुरुस्ती झाल्यावर मात्र चमत्कार झाला. डबे परत यायचे थांबले!

ही गोष्ट सगळ्यांत आधी आईच्या लक्षात आली.

गेल्या वर्षी मावशीच्या मुलाचं लग्न निघालं म्हणून आई-बाबा सावंतवाडीला निघाले. दारात टॅक्सी उभी होती. आईने बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"मी येईपर्यंत घर अबोली झालेलं पाहिजे."

"होईल, आई."

"सगळं घर. संडाससुद्धा."

"संडाससुद्धा."

"नाही झालं, तर मी ही बॅग उघडायचीसुद्धा नाही. तशीच परत जाईन ताईकडे. तिने वरची खोली रिकामी ठेवलीय माझ्यासाठी. अटॅच्ड बाथरूम आहे."

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही दुकानात राहा. तसेही तिथेच असता."

ती हसत नव्हती. आई चेष्टा करते तेव्हा पदर खोचते, आणि पदर खोचलेला नव्हता. हे बाबांनाही कळलं, कारण टॅक्सीत बसताना त्यांनी मला हळूच दोन्ही हात जोडले.

आता प्रश्न एकच होता, आणि तो मला पडलाच नाही: अबोली म्हणजे कुठला रंग?

हा शब्द मी जन्मापासून दर दिवाळीला ऐकत आलो होतो. इतका ओळखीचा, की त्याचा अर्थ विचारायचा असतो हेच कधी सुचलं नाही. दुकानात आमचे रंग हिंदीत. अंगूरी, बादामी, सलेटी, तोतिया. घरातलं मराठी पोहे, पांघरूण आणि "पंखा बंद कर" एवढ्यात भागतं. प्रश्न पडला तो पम्मीला. पम्मी म्हणजे माझी बायको. पंजाबी, शेजारच्या सेक्टरमधली, आणि संशयी.

"तुला माहीत आहे ना, कौनसा कलर है?"

"पम्मी, मी एम.ए. आहे."

"हिस्ट्री में."

"म्हणून काय झालं?"

"मोबाइल में देख लो ना, यार. दो सेकंड लगेंगे."

"आईच्या भाषेतला शब्द मी मोबाईलला विचारू?" मी म्हणालो. (या वाक्यावर मी तेव्हा खूश होतो.) "अगं, शब्दाची फोड कर. अ म्हणजे नाही. बोली म्हणजे बोलणं. अबोली, म्हणजे न बोलणारी. न बोलणारा रंग!"

"मतलब?"

"मतलब, ही बाई आयुष्यभर या ओरडणाऱ्या भिंतींमध्ये राहिली. फिरोजी ओरडतोय, गुलाबी किंचाळतोय. तिला काय हवंय? शांतता! एक गप्प रंग!"

आईच्या मनाचा असा तळ सापडल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पम्मीच्याही आलं असावं, कारण ती तोंडावर ओढणी धरून आत निघून गेली.

तरीही मी व्यापारी माणूस. खात्री करावी म्हणून बाबांना फोन लावला. पलीकडे सनई, चौघडा आणि पंगतीचा गोंगाट.

"बाबा, अबोली म्हणजे शांत रंग ना?"

"काय?"

"शांत! शांत!"

"हो, हो, इथे सगळं शांत आहे! पहिली पंगत बसली!"

"अबोलीचं विचारतोय मी!"

एकदम आवाज खाली आला. आई जवळपास असावी. "अबोली ना? हो. शांतच. अगदीच शांत. तू लाव बिनधास्त."

झालं! व्युत्पत्तीवर वडिलांचा शिक्का बसला. मी मशीनपाशी बसलो. पांढऱ्यात काळा, काळ्यात किंचित निळा, असं करत करत एक असा करडा तयार केला की त्याच्याकडे बघताना माणूस आपोआप हळू बोलेल. मशीनमध्ये त्या रंगाला नाव द्यावं लागतं. मी मोठ्या अभिमानाने टाईप केलं: अबोली. आणि कमी पडायला नको म्हणून एकदम बादल्याच्या बादल्या भरून घेतल्या.

रंगकामाला आमचे नेहमीचे इद्रीसभाई. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि विचारलं, "भाईसाब, ये तो हुआ अस्तर. ऊपर कौनसा लगेगा?"

"यही लगेगा. ऊपर भी, नीचे भी."

"अच्छा," इद्रीसभाई म्हणाले. डॉक्टरने रिपोर्ट दाखवल्यावर नातेवाईक म्हणतात, तसं.

घर करडं व्हायला लागलं. फिरोजी बैठकीवरून रोलर फिरला तेव्हा मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! सालीचा सूट गेला. कॅनडावालीचं पार्लर गेलं. सुभेदारसाहेबांच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली पानिपतची कारणं होती, तीही गेली. पण आईच्या शांततेसाठी एवढं करायलाच हवं होतं. दोन हात मारून झाले. संडाससुद्धा. इद्रीसभाईंनी घराबाहेर उभं राहून एकंदर परिणाम न्याहाळला आणि म्हणाले, "एकदम सरकारी अस्पताल लग रहा है, भाईसाब. साफ-सुथरा."

मी ते कौतुक समजलो.

दिल्लीच्या निझामुद्दीन स्टेशनवर आई गाडीतून उतरली ती हसतच. एवढा प्रवास करून आलेली बाई इतकी ताजी मी पाहिली नव्हती. टॅक्सीत बाबा पुढे बसले, ती मागे, शेजारी मी. तिच्या अंबाड्यावर फुलांचा घट्ट विणलेला गजरा होता. फुलं केशरीही नाहीत आणि गुलाबीही नाहीत, दोन्हींच्या मधली कुठली तरी.

"छान आहेत गं फुलं," मी सहज म्हणालो. "कसली?"

"अरे, ताईच्या परसातली अबोली! एवढा प्रवास झाला, बघ, अजून सुकली नाही."

त्यानंतर आश्रम चौक आला, बदरपूर आलं, टोल आला. मला काहीही दिसलं नाही. मी फक्त त्या फुलांकडे बघत होतो आणि मनात एक-एक खोली आठवत होतो. बैठक. करडी. जिना. करडा. संडास. करडा.

"भैया," मी ड्रायव्हरला म्हणालो, "जरा मथुरा की तरफ से घुमाकर ले चलोगे?"

"मथुरा?" आई म्हणाली. "अरे, मला घर बघायचंय!"

दार पम्मीने उघडलं. आई आत आली, भिंतींकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला!

"वा! अस्तर मारून घेतलंस होय? शहाणा माझा! मी म्हटलं, घाईत थेट रंगच फासतोय की काय. मग, अबोली कधी लागणार?"

"कल से, मम्मीजी!" पम्मी विजेच्या वेगाने म्हणाली. अशी बायको मिळायला पुण्याई लागते. मी वाचलो होतो. खरोखर वाचलो होतो! पण तेवढ्यात गच्चीवरून ब्रश पुसत इद्रीसभाई खाली आले.

"माताजी, मुबारक हो! अबोली लग गई! पूरे घर में!"

आईने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत भिंतीकडे. मग ती बॅगेवर बसली.

या क्षणी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "आई, अ म्हणजे नाही..."

आईने पुढचं ऐकलं नाही, आणि त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिने अबोला धरला. माझी व्युत्पत्ती बरोबर होती, हे मी आजही सांगतो. फक्त ती भिंतींऐवजी आईला लागू पडली.

बॅग दारातच राहिली. आईने तिची चेनसुद्धा उघडली नाही. कपडे पम्मीचे घातले, फणी पम्मीची घेतली. माझी सत्तरी ओलांडलेली आई पम्मीच्या 'लेट्स पार्टी' लिहिलेल्या टी-शर्टमध्ये करड्या भिंतीला टेकून बसलेली असायची. फुलं मात्र तिने वाटीत पाणी घालून बॅगेशेजारी ठेवली होती. माझ्यासाठीचे निरोप पम्मीमार्फत, हिंदीत यायचे.

"पम्मी, उसको बोलो, जेवण वाढ्या है।"

मी बाबांना कोपऱ्यात गाठलं. "तुम्हाला तरी ठाऊक होतं ना?"

"मला वाटायचं, निळ्यातला काहीतरी असेल."

"बाबा! लग्नापासून हो म्हणताय तिला!"

"अरे, हो म्हणायला रंग माहीत असावा लागत नाही," बाबा म्हणाले. आणि मग जरा थांबून, "ती सारखी विचारायची. मला वाटायचं, विचारतेय म्हणजे घाई नाही."

दुसऱ्या दिवशी आईने पम्मीला मोबाईलवर कोकणात जाणारी गाडी बघायला सांगितली. पम्मीने मुद्दाम चुकीची तारीख टाकली, मग नेट गेल्याचं सांगितलं, मग चार्जर सापडेना. तिसऱ्या दिवशी बहाणे संपले. बाबा दुकानात गेलेच नाहीत. आईसमोरच्या खुर्चीत बसून राहिले आणि तिने मान वळवली की खुर्ची त्या बाजूला सरकवायचे. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मावशीच्या वरच्या खोलीचं अटॅच्ड बाथरूम मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

शेवटी पम्मी आईसमोर मांडी घालून बसली. "मम्मीजी, जाना है तो जाइए. पर मेरे को वो रंग तो दिखाकर जाइए. इतने साल से सुन रही हूँ. मेरे को भी तो पता चले."

आईने फुलांकडे पाहिलं. मग उठली, वाटी घेतली आणि चप्पल घालून चालायला लागली. टी-शर्टवर पम्मीची शाल, पायात माझी चप्पल. आम्ही तिघं मागे.

लग्नापासून आईने दुकानाची पायरी चढली नव्हती. (तिथून घरी काय काय येतं, हे पाहिल्यावर कोण चढेल?) हलवाई चड्ढाजी कढई सोडून बाहेर आले. मी मशीनचा दिमाख दाखवायला गेलो. त्यात नमुन्यावरून रंग ओळखायची सोय आहे. मी एक फूल त्याखाली ठेवलं. मशीनने विचार केला आणि गर्द हिरवा रंग सुचवला. त्याने देठ वाचला होता!

आईने मला कोपराने बाजूला केलं. पांढऱ्या रंगाची बादली पुढे ओढली, आजोबांची काठी हातात घेतली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. मला नव्हे, बाबांना.

"केशरी घाला. अजून. अजून! बस्स! आता गुलाबी. थेंब म्हटलं हो मी, धार नाही! आता पांढरा... काय करताय? हलवा ना जरा मनापासून!"

बाबा ढवळत होते, आई फूल धरून बघत होती, आणि दुकानासमोर गर्दी जमली होती.

"माताजी, ये तो अपना गाजर का हलवा हो गया," चड्ढाजी म्हणाले.

"थोडा पांढरा अजून," आई.

"अब टमाटर का सूप," सायकलवाला.

"थेंबभर केशरी."

काठीवरून रंगाची तार पडली. आईने फूल शेजारी धरलं. फूल कुठलं आणि रंग कुठला, ते कळेना. आणि पम्मी ओरडली, "हाय रब्बा! मम्मीजी, ये? ये तो धुली मसूर है!"

सगळ्या मार्केटला एकदम उलगडा झाला. "अरे हाँ! मसूर दाल!" "बिल्कुल मसूर!" "ये तो हमारे यहाँ रोज़ बनती है!" इतकी वर्षं जो रंग कुणालाच माहीत नव्हता, तो फरीदाबादच्या प्रत्येक स्वयंपाकघरात डब्यात भरून ठेवलेला होता. आई आधी गोंधळली. मग तिने फुलाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि इतकी हसली की तिला स्टुलावर बसवावं लागलं.

"मसूर तर मसूर!" ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळली. "बघत काय बसलास? झाकण लाव, साय धरेल."

झाकण लावताना मला दिसत नव्हतं नीट. तारपिनाने डोळे झोंबतात.

घर अबोली झालं. सगळं. संध्याकाळचं ऊन बैठकीत येतं तेव्हा बाबा पेपर खाली ठेवतात आणि म्हणतात, "काय, आहे की नाही? मी म्हटलं होतं ना, देऊ म्हणून!" आई त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकते. रंग वाळला त्या दिवशी तिने बॅग उघडली. आत काजू निघाले, कोकमं निघाली, आणि मऊ पडलेलं खाजं निघालं. आम्ही ते कुरकुरीत असल्यासारखं खाल्लं.

राहिल्या त्या करड्याच्या बादल्या. त्या मी दुकानात मागे रचून ठेवल्या. एकदा गुरुग्रामची एक इंटीरियर डिझायनर मुलगी दुसरंच काहीतरी घ्यायला आली आणि एका झाकणावरचं लेबल बघून थबकली.

"अ-बो-ली! हाउ ब्यूटिफुल! मतलब क्या होता है?"

"जो बोलती नहीं," मी म्हणालो. (अर्थ तर बरोबरच आहे.)

"ओ गॉड, सो काम! सो साइलेंट!" आणि तिने सगळ्या बादल्या उचलल्या. मग परत आली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. आता गुरुग्रामच्या टॉवरांत मजल्यामागून मजले करडे होतायत, आणि तिथली माणसं घरी आलेल्या पाहुण्यांना सांगतायत, की हा अबोली कलर आहे, ओल्ड मराठी वर्ड.

परवा दुपारी दुकानात एक बाई आल्या. पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या, सोसायटीत नवा फ्लॅट. त्या उत्साहाने हिंदीतून म्हणाल्या, "भैया, सुना है आपके यहाँ अबोली मिलता है? मैं तो ढूँढ-ढूँढ के थक गई!"

नोकराने झाकण उघडून बादली पुढे केली. बाई वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ झाल्या, माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या पाटीवरचं 'भालेराव' पुन्हा एकदा वाचलं आणि अत्यंत थंड आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही मराठी आहात ना?"

"जी नहीं, मैडम," मी म्हणालो.